सत्यवानचं गवत आणि माझा चहा

३ जानेवारी, सकाळी ७
डेअरीवर सत्यवानच्या दुधाला फॅट ४.४. माझ्या दुधाला ३.३. मशीन बिघडलंय. नेमकं त्याच्याच कॅनला बिघडतं.

या माणसानं गेल्या वर्षी दीड एकर ऊस मोडून गवत लावलं. न्हावऱ्यात ऊस मोडून गवत! गाई त्यात मोकळ्या. तारेचं कुंपण रोज चार पावलं पुढं सरकवतो, गाई मागोमाग चरत जातात आणि हा लिंबाखाली बसून बघतो. आम्ही दावणीला पेंड आणि उसाचं वाढं टाकून कंबर मोडून घेतो, तर आम्ही अडाणी.

मला त्याचा हेवा वगैरे वाटत नाही. त्याचं तोंड दिसलं की छातीत जळजळतं, एवढंच. आजपासून तिखट बंद.

४ जानेवारी
बायकोनं, मुक्तानं, झणझणीत पिठलं केलं. तिखट उद्यापासून बंद.

चहा मात्र फर्स्ट क्लास. दिवाळीपासून आमच्या चहाला जी चव आलीय ती माझ्या नवीन पेंडीमुळे. म्हणालो, सत्यवानला एकदा पाजला पाहिजे. मुक्ता पातेलं घासत राहिली. तिला फीडमधलं काही कळत नाही.

९ जानेवारी
दौंडहून चाळीस शेतकरी बस करून गोठा बघायला येणार, २४ तारखेला. डेअरीचे चेअरमन गेणबा आबा म्हणाले, सत्यवानकडं नेऊ. मी म्हणालो, बारा वर्षं डेअरीला सगळ्यात जास्त दूध माझं, पाहुणे माझ्या दारात आले पाहिजेत. आबा म्हणाले, आरं सर्जेराव, त्येंला गवतावरच्या गाया बघायच्यात, तुझ्याकडं गवात हाय का? म्हणालो, हाय की.

नाही. पण पंधरा दिवस हातात आहेत. ठरलं असं, की आधी माझा गोठा, वेळ उरला तर सत्यवानचा. वेळ उरू द्यायचा नाही.

१० जानेवारी
बियाणेवाला म्हणाला, गवत तयार व्हायला दोन-तीन महिने तरी लागतील. सत्यवाननं बरं वर्षभर आधीच लावून ठेवलं.

हरकत नाही. विहिरीकडेला अर्धा एकर लसूणघास आहे, गुडघ्याएवढा. हिरवं ते हिरवं.

१५ जानेवारी
सत्यवानच्या दारात पुण्याच्या तीन गाड्या. लोक त्याच्या गाईंबरोबर सेल्फी काढत होते. माझ्या पुतळी गाईबरोबर आजवर कुणी फोटो काढला नाही, आणि ती दिसायला कितीतरी उजवी आहे.

त्याची बायको मर्सी सगळ्यांना ताक देत होती. मीही घेतलं, तपासायला. आंबट वाटलं. तिसऱ्या ग्लासला खात्री झाली.

सत्यवान लोकांना म्हणाला, वर्षात गुरांचा डाक्टर एकदाच आला, त्यो बी रस्ता इचारायला. सगळे हसले. माझ्याकडे डॉक्टर महिन्यातून चारदा येतो. माणसं जोडावी लागतात.

१८ जानेवारी
उकिरडा बराच खाली गेलाय. नवीन पेंड एवढी पचते की शेणच उरत नाही. हा पॉइंट पाहुण्यांसमोरच्या भाषणात घ्यायचा. मुक्ताला सांगितला तर तिला ठसका लागला.

२३ जानेवारी, संध्याकाळी
मुक्ता म्हणाली, गाया हिरव्यावर कशा आणायच्या ते सत्यवानभावजींना इचारा तरी. मी विचारू? त्याला?

गाईंना आता वैरण नाही. सकाळी पाहुण्यांसमोर घासात सोडायच्या. भुकेली गाय चरताना फोटोत छान येते.

२४ जानेवारी, दुपारी


बस आठला आली. घासावर दंव होतं. गाई सोडल्या, अशा तुटून पडल्या की चाळीस मोबाइल वर झाले. मी भाषण सुरू केलं. शेणाच्या पॉइंटपर्यंत आलो तोवर पुतळीची डावी कूस टम्म फुगली. जीभ बाहेर आली, ती खालीच बसली. दौंडचे एक आप्पा ओरडले, आरं, उपाशी गाय वल्या घासात सोडतं व्हय कुणी!

डॉक्टरांचा फोन लागेना. मी भाषणाचा कागद धरून उभा. मग पळालो, थेट सत्यवानच्या बांधावर. काय बोललो आठवत नाही. बहुतेक रडलो.

तो गोडेतेल घेऊन आला. पुतळीला उठवलं, हळूहळू तेल पाजलं, तोंडात आडवी काठी बांधली, चढावर फिरवलं. पाऊण तासानं तिनं ढेकर दिला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्याच्यासाठी. मग सगळे त्याच्याच मागे त्याच्या रानात गेले. आधी कोरडी वैरण, मग थोडं थोडं हिरवं, असं तो सांगत होता. बस अजून त्याच्याच दारात आहे.

पुतळी रवंथ करतेय. जीव वाचला, बास.

टाळ्या माझ्या रानात वाजल्या, याची मात्र नोंद असावी.

२५ जानेवारी
आभार मानायला नवराबायकोला चहाला बोलावलं. मोठेपणा माझा. म्हणालो, सत्यवान, पेंडीवरच्या दुधाचा चहा काय असतो ते बघ. त्यानं एक घोट घेतला आणि मुक्ताकडे बघायला लागला. मर्सी म्हणाली, ताई, ह्ये तर आमच्याच गाईचं, सकाळचं.

कळलं ते असं. दिवाळीत मीच म्हणालो होतो की दुधाला पेंडीचा वास येतो, चहा घशाखाली उतरत नाही. तेव्हापासून मुक्ता रोज त्यांच्याकडून लिटरभर दूध आणते. बदल्यात सत्यवान आमच्या उकिरड्यावरचं शेण नेतो, गवताला.

म्हणजे ४.४ फॅट मुळात माझ्या शेणाची आहे. हे मोठ्यानं बोललो नाही.

मुक्तानं विचारलं, उद्यापास्नं आपलंच दूध घालू का चहात?

नको म्हणालो. आणि अर्धा कप आणखी मागितला.