मंदाकिनीसाठी इटलीची होडी

२८ सप्टेंबर २०२५, रविवार. सकाळी ९.

नवी वही सुरू. एकतीस वर्षं रायपूर स्टेशनच्या पार्सल ऑफिसात रजिस्टरं लिहिली, हाताला सवय आहे. ही वही खाजगी. वाचणारा फक्त मी.

मंदाकिनीला जाऊन दहा महिने झाले. मी पूर्ण सावरलो आहे. तसं अजून कोणी बोलून दाखवलेलं नाही, पण लोकांच्या चेहऱ्यावर दिसतं.

एक काम मात्र पेंडिंग आहे. गेल्या वर्षी दहाव्याला, खारून नदीच्या महादेव घाटावर, पिंडाला कावळा शिवेना. गेलेल्याची इच्छा राहिली असेल तर कावळा शिवत नाही, मग घरच्यांनी हात जोडून ती पुरी करायचा शब्द द्यायचा. मी दिला. देवश्रीचं लग्न करीन म्हणालो. कावळा कडुनिंबावरच. शेगावला जाऊन येईन. हलेना. तंबाखू सोडीन, तुझ्या भावाशी नीट बोलीन. तरी नाही. दीड तास गेला. शेवटी डोळे मिटले तेव्हा आमच्या स्वयंपाकघरातलं कॅलेंडर आठवलं. त्यावर पाण्यातलं शहर आणि एक लांब काळी होडी. वर्ष संपलं तरी मंदाकिनीने ते नऊ वर्षं भिंतीवरून उतरवलं नव्हतं. मी म्हणालो, मंदे, तुला इटलीच्या त्या होडीत बसवीन. डोळे उघडतो तर कावळा पिंडावर. नऊ साक्षीदार होते.

४ नोव्हेंबरला वर्षश्राद्ध. त्याआधी शब्द पुरा झाला पाहिजे. अडचणी दोन. माझ्याकडे पासपोर्ट नाही आणि पॅसेंजर हयात नाही.

तोडगा सापडला आहे. देवश्री म्हणजे आमची मुलगी, वय २७, नवा रायपूरला ऑफिस, संध्याकाळी सहाला घरी. तिचं टीव्हीला जोडायचं गेमचं मशीन आहे. आई गेल्यापासून तिने त्याला हात लावलेला नाही. त्यातल्या एका गेममध्ये पाचशे वर्षांपूर्वीचं व्हेनिस आहे. हिरो मसाल्याच्या व्यापाऱ्याचा हेर. घाटावरची कुठलीही होडी घ्यावी आणि निघावं. होडीला गोंडोला म्हणतात. चार दिवसांचं काम.

२९ सप्टेंबर. दुपारी.

गुरुजींना फोन. विचारलं, श्राद्धाला ब्राह्मण मिळाला नाही तर तुम्ही दर्भाचा चट बांधता आणि त्यालाच ब्राह्मण मानता ना? म्हणाले, मानतो. मग टीव्हीतली एखादी बाई मंदाकिनीच्या जागी मानली तर? त्यांनी प्रश्न पुन्हा विचारायला लावला. मग म्हणाले, शास्त्रात टीव्हीचा उल्लेख नाही. म्हणजे मनाई नाही. मुद्दा मिटला.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी.

हत्यारांची पूजा दर वर्षी मंदाकिनी करायची. या वर्षी मी केली. विळी, पाना, स्कूटर आणि देवश्रीचा गेमचा कंट्रोलर. हळद, कुंकू, अक्षता, फूल. हळद जरा ओली केली की छान बसते.

कंट्रोलरचा उजवा खुंटा पूजेनंतर हलत नाही. त्याचा काही उपयोगही दिसत नाही. होडी डाव्या खुंट्याने चालते.

३ ऑक्टोबर.

होडी सापडली. डिफेक्टिव्ह आहे. डावी बाजू फुगीर, सगळी होडी उजवीकडे कललेली. वल्हं एकच, तेही उजव्या अंगाला. बसायची सोय नाही, नावाड्याने मागच्या टोकावर उभं राहायचं. असं पार्सल मी सही करून घेतलंच नसतं, 'माल वाकडा' असा शेरा मारला असता.

संध्याकाळी देवश्रीला दोष दाखवला. या पोट्टीला मराठी समजतं पण उत्तर हिंदीत देते. म्हणाली, "पापा, वो ऐसी ही बनती है. पीछे आदमी खड़ा होता है ना, उसके वजन से सीधी होती है." मला अंदाज होताच.

संकल्प: रोज सकाळी तलावावर फिरायला जाणे. उद्यापासून.

७ ऑक्टोबर. दुपारी ४.

गेममध्ये एक कामगिरी मिळाली, अगदी आपल्यासाठीच केल्यासारखी. धुक्यात एक बाई घाटावर उभी असते. काळी शाल, अंबाडा. तिला होडीत बसवून पलीकडच्या चर्चच्या पायऱ्यांपर्यंत न्यायचं. मंदाकिनीचा फोटो टीव्हीखाली ठेवला, हातावर पाणी घेतलं, नाव-गोत्र उच्चारून संकल्प सोडला. बाई बसली. माझ्याकडे पाठ करून.

पहिल्याच पुलाला धडकलो. होडी उलटली. पडद्यावर इंग्रजीत आलं: पॅसेंजर मरण पावली आहे. पुन्हा प्रयत्न?

आज मंदाकिनी अकरा वेळा बुडाली.

जेवण गेलं नाही. वांगी कडू होती.

८ ऑक्टोबर.

नऊ वेळा. प्रगती आहे.

९ ऑक्टोबर.

चौदा. कंट्रोलरचा दोष. फिरायला गेलो नाही, पाय दुखत होते. होडीत उभं राहून दुखले असावेत.

१३ ऑक्टोबर. दुपारी ३.

मी अंधश्रद्धाळू माणूस नाही, म्हणूनच लिहून ठेवतो.

बाई तीनच वाक्यं बोलते, इंग्रजीत. इतकं जोरात नको. अजून लांब आहे का? पुलाखाली जपून. एवढंच तिच्यात भरलेलं आहे. पण आज तिसऱ्या पुलाच्या सावलीत तिची मान डावीकडे कलली. स्कूटरवर मागे बसली की मंदाकिनीची मान अशीच कलायची, मला आरशात दिसायची. मी वल्हं थांबवलं. होडी आपसूक थोडी पुढे गेली. पाण्यावर दुसरं कोणी नाही. सगळं शहर खिडक्या लावून बसलेलं. मी मोठ्याने विचारलं, बरं वाटतंय ना?

ती म्हणाली, अजून लांब आहे का?

बाहेर बूढ़ापाऱ्यात आमच्या गल्लीत भर दुपारी हॉर्न वाजत होते आणि माझ्या अंगावर काटा. पंखा बंद केला.

संकल्प: उद्या खेळणे नाही.

१४ ऑक्टोबर.

खेळलो. तपासण्यासाठी. मान पुन्हा कलली.

१७ ऑक्टोबर. सायं. ४.५०.

पोचवली! एकाही पुलाला न लागता पायऱ्यांशी टेकवली. ती उतरली, पायऱ्या चढली, दार उघडलं, आत गेली. मागे वळून पाहिलं नाही. बक्षीस म्हणून हिरोला पिसाची टोपी मिळाली.

शब्द पुरा. श्यामरावला फोन केला. हा मंदाकिनीचा धाकटा भाऊ, बीरगांवला राहतो, कारखान्यात आहे. म्हणालो, काम फत्ते. त्याने विचारलं, "कोनतं काम, भाऊजी?" म्हणालो, घाटावर सांगतो. हलकं वाटायला हवं होतं. बहुतेक उद्या वाटेल.

५.३०. होडी परत घाटाला लावली. पुन्हा बसते का, एवढंच पाहायला. बसली.

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन.

मोठा शोध. पायऱ्यांना होडी टेकवलीच नाही तर ती उतरत नाही. या कामगिरीला वेळेचं बंधन नाही. चर्च दिसलं की डावीकडे वळायचं, मागच्या कालव्याने परत यायचं, पुन्हा तेच. आज सव्वीस फेरे.

देवश्रीने एकटीने रांगोळी काढली, पूजा मांडली, दिवे लावले. मला तीन हाका मारल्या म्हणते. मला एकच ऐकू आली, आणि ती टीव्हीतून आल्यासारखी वाटली. "अहो" अशी. देवश्री मला अहो कशाला म्हणेल?

संकल्प: भाऊबीजेपासून बंद.

२७ ऑक्टोबर.

गुरुजींचे चार मिस्ड कॉल. श्राद्धाच्या सामानाची यादी मी करणार होतो, देवश्रीने परस्पर केली. सामानही तिनेच आणलं. बरं झालं, मी बिझी होतो.

आता मी होडीत तिच्याशी बोलतो. यात वेडेपणा काही नाही. एकतर्फी बोलणं आमच्याकडे पूर्वीही चालायचं, फक्त तेव्हा बोलणारी ती असायची. गॅस कधी संपला, दूधवाल्याने पाणी कसं वाढवलं, देवश्रीला ताप होता, सगळं सांगितलं. ती म्हणाली, पुलाखाली जपून.

भीती एकच, एक दिवस ती वळून पाहील. वळू नये म्हणून मी हळू वल्हवतो. वळावी म्हणून पुलाला हलकेच धक्का देतो. दोन्ही करून पाहिलं. वळत नाही. रागावली असावी. चाळीसएक वेळा बुडवल्यावर कोणीही रागावेल. सॉरी म्हणालो. लग्नानंतर पहिल्यांदा.

१ नोव्हेंबर, शनिवार.

देवश्रीला सुट्टी. बराच वेळ माझ्या खुर्चीमागे उभी होती. मग म्हणाली, "पापा, आप कैमरा क्यों नहीं घुमाते?" कसला कॅमेरा? म्हणे उजवा खुंटा फिरवला की चारी बाजूंनी पाहता येतं. मी म्हणालो, तो खुंटा शोभेचा आहे.

तिने छोट्या स्क्रूड्रायव्हरने कंट्रोलर उघडला. आतून वाळलेली हळद निघाली आणि तांदळाचा एक दाणा. तो दाणा तळहातावर घेऊन जरा वेळ पाहत बसली.  कापसाने सगळं पुसलं, झाकण बसवलं आणि मी नको म्हणायच्या आत अंगठा फिरवला. सगळं शहर गरकन वळलं. मी बाईच्या समोर.

चेहरा नव्हता. म्हणजे नाक होतं, डोळ्यांच्या जागी दोन खळगे होते, कणकेच्या गोळ्यावर बोटं दाबावीत तसे. ओठ उघडतच नव्हते. त्याच ओठांतून आवाज आला, अजून लांब आहे का?

देवश्री म्हणाली, "इधर से कोई देखता नहीं ना पापा, तो बनाते नहीं."

मी म्हणालो, फालतू गेम आहे. स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यालो. तिथे उभ्या उभ्या मंदाकिनीचा चेहरा आठवून पाहिला. आरशातली कललेली मान आठवली. ओट्याकडे तोंड करून पोळ्या लाटणारी पाठ आठवली. चेहरा येईना. टीव्हीखालचा फोटो पाहून खात्री करून घ्यावी लागली. मला फार भीती वाटली, हे इथे लिहून ठेवतो.

सहा वाजता कॅमेरा परत मागे घेतला. पाठच बरी.

४ नोव्हेंबर, मंगळवार. वर्षश्राद्ध.

घाटावर सगळं नीट पार पडलं. निघताना मी जाहीर केलं की कावळ्याला दिलेला शब्द मी पाळला आहे, मंदाकिनी इटलीच्या होडीत बसून सव्वाशेच्या वर फेऱ्या मारून आली आहे. लोक माझ्याकडे पाहत राहिले. कौतुकाने असावं.

श्यामरावने मला बाजूला घेतलं. म्हणाला, "भाऊजी, रागावू नका. त्या दिवशी कावळा काई होडीसाठी नाई आला. दीड घंटा झाला होता, सगळे भुकेजून राहिले होते. तुमी डोळे मिटले, तं मी पिंडावर कचोरीचा तुकडा ठेवला." मी विचारलं, खरंच? म्हणाला, "हव. बाहेरच्या ठेल्यावरची."

मी म्हणालो, तरी कॅलेंडरचा पुरावा आहेच. नऊ वर्षं तिने तेच चित्र समोर ठेवलं. यावर देवश्री म्हणाली, "पापा, दीवार में सीलन थी. मम्मी ने ढकने के लिए टांगा था. नौ साल से आपको बोल रही थी, ठीक करवा दो."

माझ्या काही लक्षात नाही.

घरी येऊन कॅलेंडर उचललं. मागे ओलीने हातभर पोपडा सुटलेला, विटा उघड्या.

म्हणजे होडी नव्हती. मग काय होतं? कावळा दीड तास कशासाठी बसला होता? श्यामरावला माहीत नाही. देवश्रीला विचारलं. ती म्हणाली, "आपको पूछना चाहिए था." तीसहून जास्त वर्षं संसार झाला, विषय निघाला नाही. बाईला काय हवं होतं, मला माहीत नाही. वही खाजगी आहे म्हणून लिहिता येतं.

संकल्प, पक्का: यापुढे माणसाला जिवंतपणी विचारायचं. उद्यापासून. सुरुवात देवश्रीपासून.

५ नोव्हेंबर, कार्तिक पौर्णिमा. दुपारी ३.

विचारलं! संकल्प पहिल्याच दिवशी अमलात. देवश्रीने आज सुट्टी घेतली होती. म्हणालो, बेटा, तुला काय पाहिजे? ती दचकली. भाजी निवडत होती, हात थांबला.  मग कधी नव्हे ते मराठीत बोलली. "पापा, आज पुन्नी मेला हाय. महादेव घाटावर नाव चालते. चला ना, आपण दोघं बसू."

पौर्णिमेच्या जत्रेत होडीत बसायचं, बस. इतकं सोपं असतं हे! डोळ्यांत पाणी आलं. लगेच हो म्हणालो. ती आत जाऊन नवा ड्रेस घालून आली, हेल्मेट घेऊन दाराशी उभी राहिली. मी म्हणालो, पाच मिनिटं. दुपारपासून होडी भर कालव्यात आहे, त्या बाईला तसंच मधोमध सोडून उठणं बरं दिसत नाही. पायऱ्यांना लावतो, उतरवतो, की निघालोच. होडी कशी वल्हवतात हे मी आज देवश्रीला समजावून सांगणार आहे.

सायं. ७.१०.

धुकं फार होतं. पायऱ्या सापडल्या नाहीत.

हॉलमध्ये अंधार आहे. हेल्मेट दिसत नाही, स्कूटरही दारात नाही. देवश्री केव्हा गेली, कळलं नाही. चिडली नाही, दार आपटलं नाही, एक शब्द बोलली नाही. गुणाची पोर. अगदी आईवर गेली आहे.