चार मीटरचा फरक

४ फेब्रुवारी
आजही नाही जमलं. जमिनीत आवाज सोडायचा, थरावर आपटून परत यायला किती वेळ लागला ते पाहायचं, वेग लावून खोली काढायची. ऐकायला दहावीचं गणित. पण यंत्र फक्त वेळ देतं. वेग कोण देणार? मी. वेगाचं मॉडेल. इथे नुसतं वे.मॉ. लिहिते, पूर्ण लिहायचीही शिसारी आलीय.

७ फेब्रु.
ट्रेनिंग घरूनच. तेलाची कंपनी दूर, शिकवणारे सर फोनवर. तीन तेलविहिरींत थर किती खोल ते दिलंय, चौथीतली खोली झाकून ठेवलीय. ती मी सांगायची. एकदाच. पंधरा मीटरच्या आत आलं तर नोकरी, नाही तर परत खुर्सीपारच्या क्लासमध्ये शिकवणं. तीन वर्षं केलं ते. एम.एस्सी. जिओफिजिक्स, आणि फळ्यावर बेडकाचं हृदय. आता नाही होणार माझ्याने. खरंच नाही.

११ फेब्रु.
चौथीकडे चुनखडी जाड होत जाते असं वाटतं. चुनखडीत आवाज पळतो. पण थर धड दिसतच नाही. शेवटी तिन्ही विहिरींचा सरासरी वेग सगळीकडे लावून टाकला. हरले, दुसरं काय.
आई: "कावून रडून राहिली? नोकरी गेली तं गेली."
मिळाली कुठे अजून, जायला!

१४ फेब्रु.
पाठवलं. सिविक सेंटरला एकटीच जाऊन चाट खाल्ली. चव नाही.
संध्याकाळी बाबांना नकाशा दाखवला. जन्मभर रोलिंग मिलमध्ये फिटर. चष्मा लावून पाहत राहिले. "मले सांग, मोजणं कुठून सुरू केलं तू? आमी मशीन बसवाच्या आधी शून्य कुठं हाय ते पाहत होतो."
हसले मी. मग विहिरींच्या नोंदी परत उघडल्या. विहिरींची खोली ड्रिलिंगच्या मचाणापासून मोजलेली. आवाजाच्या नोंदीचं शून्य त्याच्या अडतीस मीटर खाली. मी दोन्ही एकच धरलं. पहिल्या आठवड्यात शिकवलेली गोष्ट!

१५ फेब्रु.
शून्य दुरुस्त केलं. उत्तर अडतीस मीटर वर आलं. म्हणजे पाठवलेलं तेवढं जास्त खोल. संपलं. क्लासवाल्यांना फोन केला. जागा आहे म्हणाले.

२० फेब्रु.
सर: "बढ़िया, बेटा! सिर्फ़ चार मीटर का फ़र्क।"
चार? कसा चार?
दुपारभर बसून शोधलं. चुनखडी तिथे खरंच जाड. ती सोडली म्हणून खोली कमी निघाली. शून्य चुकलं म्हणून जवळपास तितकीच वाढली. एका चुकीने दुसरीला सांभाळून घेतलं. मला काहीही आलेलं नाही. माझ्यापेक्षा माझ्या चुका हुशार.
तोवर बाबा सेक्टर २ मध्ये पेढे वाटून आले. शेजारचे काका दारातूनच, "जय भीम, इंजिनीयर मॅडम!" इंजिनीयर नाही मी. मॅडमही नाही.

२२ फेब्रु.
सरांचा फोन. पाचवी विहीर. ही परीक्षेतली नाही, खरी खणायची. किती खोल जायचं ते माझ्याच वे.मॉ.वरून ठरवणार. त्या बाजूला चुनखडी जाड होत नाही, पहिल्या तिन्हींसारखीच. म्हणजे अडतीसच्या अडतीस मीटर चूक, सावरायला कोणी नाही.
बाबांना सगळं सांगितलं.
"सांगशील तं नोकरी जाईन?"
"बहुतेक."
"नाही सांगितलं तं?"
"विहीर चुकेल."
बाबा उठले, कुंड्यांना पाणी घालायला गेले. माझा राग आला असता तरी चाललं असतं.

२४ फेब्रु.
नेमणुकीचं पत्र आलं. सही करून पाचपर्यंत परत पाठवायचं.
सरांना मेल लिहिलाय. शून्य, चुनखडी, दोन्ही. तीनदा वाचला. पाठवलेला नाही. सहीसुद्धा केलेली नाही.
आई दोनदा येऊन गेली. "केली का सही?"
साडेचार वाजलेत. बाबा आज फिरायला गेले नाहीत. बाहेरच्या खोलीत बसलेत, टीव्ही बंद.