कोणाची हरकत असल्यास

सोमवार, ६ ऑक्टोबर. सकाळी ५.५०
आजपासून मी बोलणार. मोबाईलवर 'एकवीस दिवसांत प्रभावी संभाषण' हा कोर्स चालू केला. वय चौतीस, म्हणजे उशीर झालेला नाही. मुळात मला भीती वगैरे वाटत नाही. कोणी समोर आलं की तळहाताला घाम सुटतो, पण तो उष्णतेमुळे.
ध्येय: प्रार्थनाला लग्नाचं विचारणे. ती आमच्याच चर्चची, सुप्याला आमच्याच कंपनीत. ती स्टोअरला, मी क्वालिटीला. केडगावहून कंपनीच्या बसमध्ये रोज माझ्या शेजारी बसते. अर्धं काम झालेलंच आहे.

मंगळवार, ७ ऑक्टोबर
धडा पहिला: हो-नाही असं उत्तर येईल ते प्रश्न विचारू नका. सात प्रश्न कागदावर लिहून नेले. बस हलत होती, अक्षर दिसेना. ऐनवेळी विचारलं, स्टोअरमधले नट-बोल्ट कसे काय? ती सुप्यापर्यंत बोलत होती. नट-बोल्ट, सुपरवायझर, वडिलांचा गुडघा. माझा वाटा: 'हो ना', सव्वीस वेळा. उतरताना म्हणाली की तुझ्याशी बोललं की बरं वाटतं.
पहिल्याच दिवशी हा रिझल्ट.

शुक्रवार, १० ऑक्टोबर
धडा चौथा: अनोळखी लोकांवर सराव. कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या मुक्ताबाईंना विचारलं, मेथीबद्दल तुमचं काय मत? त्या म्हणाल्या, "मत कसलं, घ्यायची का न्हाई ते सांगा." मागे लोक थांबलेले. चार जुड्या घेतल्या. आई म्हणाली, बोलणाऱ्याची माती विकते, न बोलणाऱ्याचं सोनंसुद्धा विकत नाही. मी मेथी निवडायला घेतली.

गुरुवार, १६ ऑक्टोबर
 बसने केडगाव सोडल्यावर प्रार्थना म्हणाली की रविवारी पुणतांब्याची माणसं मला बघायला येतायत. मुलगा स्टीफन, बँकेत आहे. मग थेट माझ्याकडे बघून विचारलं, तुला काय वाटतं?
एवढा मोकळा प्रश्न कोर्समध्येही नाही. छाती अशी धडधडायला लागली की बसचं इंजिन ऐकू येईना. भीती वाटली. लिहायला काय, इथे कोण वाचतंय.
मी म्हणालो, "चांगलंय. पुणतांब्याला नदी आहे."
ती खिडकीबाहेर बघायला लागली. मागच्या सीटवर मशीन शॉपचा गोरक्ष असतो. कंपनीच्या गेटवर त्याने मला गाठलं. म्हणाला, "तुमी येडे हाय का हो?" मी हसलो. धडा सहावा: टीकेला स्मित.

सोमवार, २० ऑक्टोबर
तिकडून होकार आला. हिचाही. कोर्स आजपासून रोज दोनदा.

रविवार, ९ नोव्हेंबर
चर्चमध्ये तिच्या लग्नाची चिठ्ठी वाचली. आमच्यात ती तीन रविवार वाचतात. वाचून झालं की पाळकसाहेब विचारतात, या लग्नाला कोणाची हरकत असल्यास आत्ताच सांगावं. आज मी गप्प बसलो ते मुद्दाम, अंदाज घ्यायला. उत्तराला साधारण चार सेकंद मिळतात.
म्हणजे दोन संधी शिल्लक. हरकत काय तर, मला ती आवडते. तीनच शब्द. आरशासमोर तीस वेळा म्हटले. शेवटी शेवटी आवाजही आला.

रविवार, १६ नोव्हेंबर
उठलो. खरंच उठलो. पाळकसाहेबांनी विचारलं आणि मी तिसऱ्या बाकावर उभा राहिलो. सगळी मंडळी वळली. तिची आई, वडील, गुडघ्यावर हात ठेवून. प्रार्थनाही वळली, तिच्या तोंडावरचा रंग गेला होता. बाक धरला तर बाकही हलायला लागला. पाळकसाहेब मायेने म्हणाले, बोल, शांतवन.
मी म्हणालो, पंख्याचा स्पीड जरा कमी करा.
केला. नोव्हेंबरच आहे, थंडी होतीच. दोन म्हाताऱ्यांनी नंतर आभार मानले. शंभर माणसांत एक अख्खं वाक्य न अडखळता बोललो, याची नोंद व्हायला हवी.

शनिवार, २२ नोव्हेंबर. रात्री
उद्या शेवटचं. झोप नाही. ती हो म्हणणार नाही याची भीती नाही. हो म्हणाली असती का, हे कळेल, त्याची आहे.

रविवार, २३ नोव्हेंबर
पाळकसाहेबांनी विचारण्याआधी पंख्याकडे पाहिलं. मग विचारलं. चार नाही, चांगले आठ सेकंद थांबले. मी गाण्याच्या पुस्तकात बघत होतो.
बाहेर प्रार्थना आली. म्हणाली की लग्नाच्या रजिस्टरवर माझ्याकडून साक्षीदार म्हणून तू सही कर. मी विचारलं, काही बोलावं लागतं का? म्हणाली, "नाही रे, म्हणून तर तुला सांगतेय." एवढं बोलून थोडा वेळ तिथेच उभी राहिली, मग आईने हाक मारली तशी गेली.
नाव पूर्ण आणि सुवाच्य लिहायचं, असं पाळकसाहेब म्हणाले. ते मला जमेल.