बुचातली सातवी सुई

दि. ४ फेब्रुवारी

चि. ठकू हिस आत्याचे अ. उ. आ., वि. वि.

पार्सलात तीन दुपटी आहेत. नाक मुरडण्याआधी उलगडून बघ. आमच्या कारखान्यात शर्ट कापून उरलेली कातरणं मी वर्षभर पिशवीत साठवत होते. निळं दुपटं खिशांच्या तुकड्यांचं, पट्ट्यापट्ट्यांचं बाह्यांचं, आणि जे कशातच बसेना ते सगळं तिसऱ्यात बसवलंय. कापड चार पाण्यांतून काढलंय, खळ उरलेली नाही.

डॉक्टरीणबाईंनी पडून राहा म्हटलंय ना, मग पडून राहा. तुझ्या पायाला लहानपणापासून भिंगरी, म्हणून जावईबापूंनाही वेगळं बजावलंय. मला तरी कुठे चैन आहे? दिवसातून दोनदा पत्रांची पेटी उघडून बघते. हात थांबला की मागच्या खेपेचं आठवतं, म्हणून हात चालू ठेवलाय.

सुयांची काळजी नको. सात काढल्या, सात मोजून बुचात परत खोचल्या. गेल्या महिन्यात आली होतीस तेव्हा या मोजणीला फिदीफिदी हसलीस. पण एका बाळाच्या अंगड्यात सुई राहिली आणि शिवणारीला त्याच दिवशी घरी पाठवलं, ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

उत्तर दोन ओळींचं चालेल, लोभात मात्र काटकसर नको.

तुझी,
आत्या

दि. ९ फेब्रुवारी

चि. ठकू हिस अ. उ. आ.

दुपटी वापरू नका, पत्र येतंय, एवढीच तार केली. तू घाबरली असशील. पण तारेत सगळं कसं लिहिणार?

काल संध्याकाळी चौथं दुपटं घ्यायला बसले. पार्सल टाकल्यापासून सुयांना हात लावला नव्हता. उठायच्या वेळी खोलीतला दिवा गेला, म्हणून सुया बोटांनी चाचपून मोजल्या. सहा भरल्या. पुन्हा मोजल्या, पुन्हा सहाच. शेजारच्या घड्याळजीकडून लोहचुंबक आणला, गादी झटकली, चटई उलटी केली, केरसुणीची काडीन्काडी हात फिरवून पाहिली. सातवी कुठेच नाही.

तुला सात लिहिलं होतं. पण त्या दिवशी खरंच सात पाहिल्या, की सवयीने नुसतं तोंडाने म्हटलं, हे आता मला छातीठोकपणे सांगता येत नाही. आता लपवत नाही. उजव्या डोळ्यापुढे सहा महिने धुकं आहे. डोळ्यांचे डॉक्टर मोतीबिंदू म्हणाले. डावाही त्याच वाटेवर आहे. कारखान्यात कुणाला पत्ता लागू दिला नाही, खुणेची रेघ नखाने चाचपून कापते.

दुपटी बोटभर बोटभर दाबून बघ. तू नको, जावईबापूंना बघू दे. बाळाला अजून दोन महिने आहेत हीच त्यातल्या त्यात बरी गोष्ट. कातरणांची पिशवी मी आज फरशी पुसणाऱ्या बाईला देऊन टाकली. आता हे काम माझ्याकडून होणे नाही.

अन्न गोड लागत नाही. लगेच लिही, मग हवं तर रागाव.

आत्या

दि. १३ फेब्रुवारी

ती. आत्यास सा. न. वि. वि.

दुपट्यांत सुई नाही. हे आधी लिहिते, नाहीतर पुढचं वाचायला तुला धीर निघायचा नाही. अक्षरं मुद्दाम मोठी काढली आहेत.

मला मुलगी झाली. सहा तारखेला, दोन महिने आधी. काचेच्या पेटीत ठेवलीय आणि नाकात नळी आहे. मूठ एवढीशी की माझ्या अंगठ्याभोवती पुरत नाही. तुला कळवलं नाही, कारण मागच्या वेळी सगळ्यांना आनंदाने कळवलं आणि चार दिवसांनी पुन्हा कळवावं लागलं. यंदा थोडं थांबू म्हटलं.

दुसऱ्या दिवशी तुझं पार्सल आलं. उजेडाचा त्रास होऊ नये म्हणून इथे पेटीवर जाडसर कापड पांघरतात. नर्सबाईंनी निळं दुपटं उकळून वाळवून घातलं. मग तुझी तार आली. हे धापा टाकत आले आणि दुपटं काढायला लावलं. उजेड पडला तशी तिने डोळे घट्ट मिटले आणि तोंड असं वाकडं केलं की मला बघवेना. कापडाला काही रोगराई असेल का, डाग असेल का, या विचाराने आम्ही तीन दिवस नुसते येरझाऱ्या घालत होतो.

काल पत्र आलं. यांनी मला विचारलंसुद्धा नाही, वऱ्हांड्यातल्या बाकावर बसून तिन्ही दुपट्यांचा टाकान्टाका उसवला. सगळ्या चिंध्या हातात घेऊन आत आले आणि मगच पत्र वाचून दाखवलं. मी हसत सुटले, आणि मग रडू आवरेना.

आत्या, सुई माझ्या पर्समध्ये आहे. गेल्या महिन्यात तुझ्याकडून निघताना मीच बुचातून उपटून घेतली. एक तरी चौकोन स्वतः शिवायचा आणि तुला तोंडात बोटं घालायला लावायची, असं ठरवलं होतं. तू मोजशील आणि त्याच दिवशी मला पकडशील असं वाटलं होतं.

तू पकडलं नाहीस. महिनाभर तू सहा सुयांना सात म्हणत होतीस. सुईपेक्षा मला याची भीती वाटते, आणि तू लपवलंस याचा रागही येतो. चोरी मी केली, मान्य. पण आता डोळ्यांचं काम करून घे. पोरीने तुला बघावं असं मला वाटतंच, पण तूही तिला बघायला हवंस. तोवर या चिंध्या मी जोडते. दुसरं काही करायला मला तिच्या पेटीजवळच्या बाकावरून उठवत नाही.

तुझा लोभ आहे म्हणूनच एवढं बोलले.

ठकू

दि. १७ फेब्रुवारी

चि. ठकू हिस आणि चिमुकलीस अ. उ. आ.

मुलगी झाली हे वाक्य शेजारणीकडून तीनदा वाचून घेतलं. मग तुझा राग आला, मग माझा आला. तुझ्यावरचा टिकला नाही.

खरं सांगू? मला ऑपरेशनची धास्ती आहे. हाताला काम आहे म्हणून मी उभी आहे. डोळा बिघडला तर मी नुसती कुणाच्या तरी घरी बसलेली म्हातारी. म्हणून सात म्हणत राहिले. पण तुझी लेक उजेडाला घाबरली ती माझ्या तारेपायी, आणि ती तार माझ्या लपवाछपवीपायी. हे मनातून जात नाही.

काल कारखान्यात आमच्या मास्तरांना सगळं सांगितलं. त्यांना आधीच कळलं होतं म्हणे, माझी कापणी ते रोज गुपचूप तपासत होते. ऑपरेशनची पंचवीस तारीख ठरली आहे. पोरीचं रोजचं वजन कळवत जा. माझी जागा राहील तेव्हा राहील, तुझी माया तेवढी राहू दे.

आत्या

दि. १२ मार्च

चि. ठकू हिस अ. उ. आ.

पट्टी सुटली. तुझी पत्रं इतके दिवस ऐकत होते, आज स्वतः वाचली. पोर पेटीतून बाहेर आली, नळी निघाली, हे तुझ्या वेड्यावाकड्या अक्षरात वाचायची चव वेगळीच. दुसरा डोळा पुढच्या महिन्यात.

फोटो खिडकीत धरून पाहिला. कपाळ तुझं, जिवणी जावईबापूंची, आठ्या घालायची रीत माझी. आणि ते निळं दुपटं! धावदोरा म्हणजे सरळ रेघ असते ग. तुझा तर बाजारात हरवलेल्या माणसासारखा हिंडतोय. एका खिशाचा तुकडा उलटा लागलाय. एकेक टाका मोजता आला मला. उसवू नकोस. तिच्या अंगावर तेच असू दे.

फरशीवालीने कातरणांची पिशवी तशीच परत आणून दिली. ती मला ओळखून आहे. तेव्हा चौथं दुपटं होईल, पण सावकाश. तिला माझा पापा, आणि आता माझ्या वाट्याचा लोभ तिच्याकडे वळवलास तरी चालेल.

तुझी,
आत्या

ता. क. सुई परत पाठवू नकोस. आज सकाळी खिडकीपाशी बूच घेऊन बसले आणि डोळ्यांनी मोजल्या. सहा आहेत. बरोबर आहेत.