घोंगडीमागची खोली

सोमवार, २५ नोव्हेंबर २०२४

धुळ्याहून सकाळची एसटी, चोपड्याला उतरणे, तिथून घ्यायला आलेल्या विक्रमच्या मोटारसायकलवर बसून सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला एवढे झेपले, याचा मला रास्त अभिमान वाटतो. हवा कोरडी आणि गार होती, रस्त्याच्या दोन्ही अंगांना केळीच्या बागा होत्या. विक्रम बागेत घड उतरवण्याच्या कामाला जातो. त्याच्या सदऱ्यावर चिकाचे काळे डाग होते. चीक अंगावर पडतो तेव्हा पाण्यासारखा असतो, मग काळा होतो आणि कापड फाटेपर्यंत जात नाही, असे त्याने मोठ्या कौतुकाने सांगितले. मी माझी पांढरी बाही जवळ ओढून घेतली.

वस्तीचे नाव निंबपाट. माझी उतरण्याची सोय प्रार्थनामंदिरालगतच्या खोलीत आहे. विक्रमची बायको रुपली हिने कळण्याची भाकरी आणि वांग्याचे भरीत वाढले. तिचे दिवस भरत आले आहेत, नाताळाच्या सुमारास मोकळी होईल म्हणतात. मी दुसरी भाकरी नाकारली, तेव्हा तिने विचारले, "कालेजमा भाकर नही भेटे का नाना?" मी हसलो आणि तिसरीही खाल्ली.

येण्याचे कारण नोंदवून ठेवतो. मी हयातभर तर्कशास्त्र शिकवले आणि शास्त्रवचनांचा अभ्यास केला. म्हणून आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या धुळ्याच्या कार्यालयाने मला येथील एका वादाचा निर्णय करण्यास पाठवले आहे. वेदीमागे एक खोली आहे. तिला खिडकी नाही, दाराच्या जागी काळी घोंगडी टांगलेली आहे, आत दिवा कधीच नेत नाहीत. विक्रमचे वडील वना आबा म्हणतात, ती तशीच राहावी. नवे प्रचारक प्रेमराज म्हणतात, भिंत फोडून खिडकी पाडावी. माझा निर्णय दोघांवर बंधनकारक राहील. असा स्वच्छ आखलेला प्रश्न पुष्कळ वर्षांनी हाती आला आहे.

बुधवार, २७ नोव्हेंबर

दोन्ही पक्ष ऐकले.

वना आबांचे म्हणणे असे : मोशे निबिड अंधकारात शिरला, कारण देव तिथे होता. शलमोनाने मंदिर बांधले तेव्हा तोही म्हणाला की परमेश्वराने निबिड अंधकारात वसण्याचे ठरवले आहे. म्हणून आबांच्या वडिलांनी मंदिराबरोबर अंधारही बांधला. गरोदर बाया उपासनेनंतर त्या खोलीत थोडा वेळ बसतात, कारण स्तोत्रकार सांगतो की मनुष्य गुप्त स्थळी विणला जातो. विणकाम चालू असताना त्यावर उजेड पाडू नये. "केळं बी दार लाइसन पिकाडतस नाना, हाई तं लेकरू शे," असे आबा म्हणाले. दृष्टान्त चांगला आहे. दृष्टान्त म्हणजे प्रमाण नव्हे, हे मी त्यांना सौम्यपणे सांगितले.

प्रेमराज नशिराबादचे. तरुण, टापटीप, आवाज गोड. त्यांच्याजवळ कापडाचा एक फलक आहे. त्यावरचा काळा चौकोन म्हणजे पाप आणि पांढरा म्हणजे पापमुक्त हृदय. मुलांना ते हा फलक दाखवत होते तेव्हा पुढच्या रांगेतल्या सरिता नावाच्या मुलीने आपले हात हळूच पाठीमागे नेले. प्रेमराजांनी ते पाहिले आणि मान डोलावली. पुढे मला म्हणाले की रुपलीलाही त्यांनी बजावले आहे, अंधारात बसून वाढवलेले लेकरू अंगाने आणि मनाने काळेच निपजते.

पाण्याच्या तांब्यात केस निघावा तशी किळस आली. पाप अंधार आहे, ही मुलगी काळी आहे, म्हणून ही मुलगी... माझ्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यानेही हे अनुमान उत्तरपत्रिकेत लिहिले नसते. शलमोनाच्या गीतातली प्रिया स्वतःच सांगते की ती केदारच्या तंबूंसारखी काळी आहे आणि सुंदर आहे. ईयोबाची त्वचा काळवंडली ती दुःखाने, दोषाने नव्हे. आणि मोशेच्या कूश देशातल्या काळ्या बायकोवरून त्याच्या बहिणीने कुरकुर केली, तेव्हा शिक्षा म्हणून ती बहीण कोडाने बर्फासारखी पांढरी झाली. हे मी प्रेमराजांपुढे क्रमाने मांडले. ते गोड हसले आणि म्हणाले, नाना फार वाचतात.

रविवार, १ डिसेंबर

आज उपासनेनंतर बाया येण्याआधी त्या खोलीत बसून पाहिले. ओल, वटवाघळांची घाण, जुन्या तेलकट केसांचा वास. रुमाल नाकाला लावूनच बसावे लागले. दिसले काही नाही, म्हणजे जे अपेक्षित होते तेच.

निर्णय लिहिला. सार असे : अंधार हा पदार्थ नव्हे, तेजाचा अभाव होय. आपले जुने नैयायिकही हेच सांगतात. जे मुळात नाही, ते पाप असू शकत नाही, म्हणून प्रेमराजांचा पक्ष पडतो. जे मुळात नाही, ते कोणाचे आसनही असू शकत नाही, म्हणून आबांचाही पक्ष पडतो. अभाव दूर केल्याने काहीच नष्ट होत नाही. गर्भवतींनी कोंदट हवेत बसू नये, एवढ्या व्यावहारिक कारणासाठी खिडकी पाडण्यास हरकत नाही.

प्रेमराज पायाशी वाकले. माझ्या शुद्ध युक्तिवादाने त्यांच्या अशुद्ध हेतूची सोय झाली, हे ध्यानात येऊन पाय मागे घेतला.

रुपली भांडी उचलायला आली तेव्हा विचारती झाली, मंग तो कोठे बसी? मी म्हणालो, तो सर्वत्र आहे. ती म्हणाली, ते तिलाही ठाऊक आहे, "पन झाकेल राहस ना, नाना." तो युक्तिवाद नव्हता.

बुधवार, ४ डिसेंबर

गवंड्याने बाहेरून भिंत फोडली. चुन्याचे हात प्रेमराजांनी स्वतः दिले. घोंगडी काढून पांढरे लाकडी दार बसवले, आतून कडी. उद्घाटन पंधरा तारखेच्या रविवारी होईल, तोवर चुना वाळेल. आबा दिवसभर पाठ करून बसले होते. कोणीतरी त्यांना बोलवायला गेले, तेव्हा म्हणाले, देवाला उन्हात काढलेच आहे, "आते त्याले गॉगल लई द्या." सगळे हसले, प्रेमराजसुद्धा.

संध्याकाळी मी आणि प्रेमराज आत बराच वेळ उभे होतो. कुठल्याही कोपऱ्यात वाचता येते. ऊन कललेले होते, खिडकी पूर्वेला आहे, तरी कोपरे खिडकीइतकेच उजळ होते. ही चुन्याची किमया असावी.

शुक्रवार, ६ डिसेंबर

डोळे मिटले तरी पांढरे दिसते. काल दिवसभर चकाकी समजून दुर्लक्ष केले. आज चोपड्याच्या डॉक्टरांना डोळे दाखवले. त्यांनी तपासून वयाच्या मानाने उत्तम असा शेरा दिला. झोप अशी लागलीच नाही. पापणी हा पडदा आहे, हे मी आजवर गृहीत धरत आलो. गृहीतके तपासावीत, असे मीच शिकवत असे.

रविवार, ८ डिसेंबर

उपासनेला अंगणात उभा होतो. इतरांच्या पायाशी सावल्या होत्या. माझ्या पायाशी नव्हती. प्रेमराजांच्याही नव्हती.

त्याहून वाईट दाढी करताना घडले. तोंड मिटलेले असूनही आरशात दात दिसले, दातांमागे जीभ, जिभेवर सकाळच्या भाकरीचा लगदा. तो खाली सरकताना दिसला. कुठवर सरकतो तेही दिसले. मी स्वच्छतेचा आग्रही माणूस आहे, ताटात दोन पदार्थ एकमेकांना लागलेले मला चालत नाहीत. माणसाच्या आत काय काय एकमेकांना लागलेले असते, हे मी लिहिणार नाही. शरीराच्या आत अंधार असतो, ही केवढी सभ्यता होती.

वमन झाले. तेही येताना आधीच दिसले.

मंगळवार, १० डिसेंबर

अन्न सोडले आहे. पाणी डोळ्यांपुढे फडके धरून पितो. फडक्यातूनही दिसते.

प्रेमराज भेटले. ते झोपत नाहीत, आणि आनंदात आहेत. म्हणतात, आत प्रकाश भरला आहे, वचन पूर्ण झाले. ते बोलत होते आणि मी त्यांच्या सदऱ्याआड, कातड्याआड, हाडांआड पाहत होतो. हृदय पांढरे नव्हते. ते ओले, पिवळट चरबीने लडबडलेले, मुठीएवढे मांस होते आणि ते गोड बोलण्याच्या तालावर आवळत होते. त्यांच्या फलकावर या रंगाचा चौकोनच नाही.

रविवारी मंडळीतून पहिली रुपली आत जाईल, असे त्यांनी ठरवले आहे. पांढऱ्या खोलीत तिच्या पोटावर हात ठेवून प्रार्थना होईल. मी म्हणालो, असे करू नका. ते म्हणाले, निर्णय तुमचाच आहे.

गुरुवार, १२ डिसेंबर

रुपली विहिरीवरून येत होती. मी तिच्याकडे पाहणार नव्हतो, पोटात काय दिसेल याच्या धास्तीने. पाहिले. काहीच दिसले नाही. लुगडे, त्याखाली पोटाचा गोल, आणि त्यापलीकडे दाट, अखंड काळोख. आठवड्याभरात इतके सुंदर काही पाहिले नव्हते.

भिंत फुटल्यापासून ती त्या खोलीत गेलेली नाही, हेच कारण. तिने हंडा खाली ठेवला तेव्हा तिची सावली माझ्या पायांवर पडली. मी पाय हलवले नाहीत. बहुधा तिला समजले. तीही उभी राहिली, म्हणाली, "बसा ना नाना, सावलीले काय पैसा पडतस?"

बसलो. डोळे मिटले. थोडा वेळ अंधार होता.

माझी चूक अनुमानात नव्हती, आधारवाक्यात होती. अंधार अभाव असेलही. पण महायाजक वर्षातून एकदा परमपवित्र स्थानी जाई तेव्हा धूप जाळून आधी धूर करी, आपण मरू नये म्हणून. तिथे दिवा नसे. आरंभीही देवाने अंधार नष्ट केला नाही. वेगळा केला, नाव दिले, जागा दिली. जागा मी काढून घेतली. आबांना वाटे, अंधार देवासाठी आहे. तो आमच्यासाठी होता.

शनिवार, १४ डिसेंबर

निर्णय मागे घेतल्याचे धुळ्याला फोनवर कळवले. ते म्हणाले, मंजूर होऊन गेला, आता नाताळानंतर पाहू, आणि प्रकृतीला जपा.

विक्रमला सांगितले. तो रडकुंडीला आला. प्रार्थना घेतली नाही तर लेकराचा बाप्तिस्मा होणार नाही, असे प्रेमराजांनी त्याला बजावले आहे. आबा बोलत नाहीत. रुपलीला सगळे सांगितले, जे पाहिले तेही. तिने पोटावर हात ठेवला. मग म्हणाली, तिला जायचे नाहीच, "पन लेकरूले नाव तं पाहिजे ना."

विणकाम चालू आहे. ते कोणी पाहता कामा नये. प्रेमराजांनी नाही, मी नाही, आणि त्या खोलीत जो –

उद्या उपासनेआधी खिडकी बुजवतो. विटा तिथेच पडल्या आहेत.

रविवार, १५ डिसेंबर, सकाळ

आत आहे. कडी लावली. विटा, चिखल, त्यावर माझा कोट. हातांना सवय नाही, पण भिंत पुरी झाली. फट राहिलेली नाही, बोटांनी तपासली.

उजेड तसाच आहे.

कारण काढले, कार्य राहिले. म्हणजे ते कारण नव्हते. उजेड खिडकीतून कधी आलाच नव्हता. खिडकी पडायच्या आधीपासून तो इथेच होता, झाकलेला. अंधार त्याच्यावर –

बाहेर गाणे सुरू झाले. दार वाजते आहे. प्रेमराज. मग विक्रम. मी दाराला पाठ लावून बसलो आहे. नाही, दाराला तोंड, खोलीला पाठ. हे ठरवून केले आहे. वही दारावर टेकवून लिहितो.

रुपली विचारते, आत काय करी राहिनात? मी सांगितले, घरी जा, दार लाव, दिवा लावू नकोस, मोकळी होईपर्यंत इकडे येऊ नकोस, नाव आबा ठेवतील, तेवढा अधिकार त्यांना आहे. मग आबांचा आवाज, बऱ्याच दिवसांनी. तिला चल म्हणतात. प्रेमराज अडवतात. आबा काय म्हणाले ते ऐकू आले नाही. पावले गेली. तिची जड पावले, ओळखू येतात. गेली.

लेकरू अंधारात आहे. हे सिद्ध झाले.

चुन्याचा वास नाही. दुसराच. गोड, दुधासारखा, नासलेल्या – पांढरे दार माझ्या हातातून दिसते, हात दिसत नाही –

मोशेने मुख पाहू मागितले. त्याला खडकाच्या कपारीत झाकले, आणि ओलांडून जाताना फक्त पाठ दाखवली. मुख पाहून कोणी जगत नाही. वळायचे नाही. डोळे मिटून उपयोग नाही, माझ्या डोक्याच्या मागच्या बाजूनेही आता दिसते –

दिसते ती पाठ असती तर मी वाचलो असतो –

ती पाठ न