कॅरलफेरीचा परवाना

रविवार, ३० नोव्हेंबर

अस्मिताला तिकीट मिळालं. नगरपंचायत, वॉर्ड नंबर सहा. उपासनेनंतर चर्चच्या पायरीवरच तिनं सांगितलं आणि मी तिला सगळ्यांसमोर जवळ घेतलं. सहा वर्षांची होती वहिनी गेली तेव्हा. तेव्हापासून भावाची ही पोर माझ्याजवळ. वेण्या मी घातल्या, पाढे मी घेतले.

मग ती म्हणाली, "आत्या, यंदाची कॅरलफेरी माझ्या टेम्पोतून काढू. वर माझं बॅनर, खाली तुम्ही सगळे. दर घरी गाणं झालं की एकच वाक्य – ताईला विसरू नका."

मी नाही म्हटलं.

"सेक्रेटरी तूच आहेस ना चर्चची? मग अडचण कसली?"

तीच तर अडचण. नाताळची गाणी गात आम्ही दारोदार प्रभूच्या जन्माची बातमी घेऊन जातो. त्याच दमात मतं मागायची? दार उघडणाऱ्याला कळावं कसं, आपण नक्की काय घेऊन आलोय!

ती जेवायला थांबली नाही. तिच्यासाठी केलेलं मटण मी दोन दिवस खाणार आता.

सोमवार, १ डिसेंबर

आज सिस्टर बेनेडिक्टा आठवल्या. सोलापूरचं कॉन्व्हेंट, तो लांब व्हरांडा, फिनेलचा वास, इस्त्रीचे पांढरे मोजे. सातवीत गणिताच्या पेपरावर मी वरच लिहिलं होतं – हे प्रभू, मला मदत कर. त्यांनी लाल शाईनं एक गुण कापला. म्हणाल्या, "तो मदत करील, लीला. पण त्याच्याकडून भागाकार करून घ्यायचा नसतो."

किती रडले होते मी. आज त्यांचे हात धरावेसे वाटले.

बुधवार, ३ डिसेंबर

आचारसंहिता लागली आहे म्हणे. एवढी माणसं गात रस्त्यानं निघाली की ती फेरी, आणि फेरीला परवाना. आबाराव आमच्या चर्चच्या मंडळीतले सर्वांत जुने वडीलधारे, वय अठ्ठ्याहत्तर. म्हणाले, "बाई, तुमी दगदग करू नका. म्या जातो हापिसात."

बरं वाटलं. पायऱ्या चढायला गुडघे कुरकुरतात.

गुरुवार, ४ डिसेंबर

आबाराव परवाना घेऊन आले. वाचला. चष्मा पुसून पुन्हा वाचला.

उमेदवाराचे नाव – येशू ख्रिस्त. पक्ष – अपक्ष. चिन्ह – तारा. प्रचारफेरीस परवानगी देण्यात येत आहे.

खाली सही. गोल शिक्का.

"आबाराव, हे काय हो?"

"बाई, फारमात रकाने व्हते. कारकून म्हनला, रिकामा रकाना कम्पुटर घेत न्हाय. फेरी कुनाची, इचारलं. म्या म्हनलं, प्रभू येशूची. पक्ष कोंचा? म्हनलं, त्याचा कुठलाच न्हाय. त्यानं अपक्ष लिवलं. हातात काय घेऊन फिरनार, म्हनला. म्हनलं, तारा. आता यात म्या खोटं काय बोललो?"

एकेक रकाना पुन्हा तपासला. काहीच खोटं बोलले नाहीत ते.

शुक्रवार, ५ डिसेंबर

कार्यालयात गेले. आबारावही आले. वैजनाथ नावाचे कारकून आहेत. सज्जन गृहस्थ, फाईल डोळ्यांजवळ धरून वाचतात.

"रद्द करायचा? मग उमेदवाराची सही आणा."

मी म्हटलं, ते सही करायला येऊ शकत नाहीत.

"आजारी आहेत का?"

"नाही."

"मग परगावी?"

आबारावांना राहवेना. "सायेब, ते सगळीकडं असत्यात."

वैजनाथांनी पेन खाली ठेवलं. "तसं नाही चालत, काका. नाव एकाच वॉर्डात पाहिजे."

शनिवार, ६ डिसेंबर

अस्मिताच्या समोर उभ्या आहेत त्या कस्तुराबाई सकाळीच आल्या. चहा घेतला, दोन बिस्किटं घेतली आणि पदर सावरून म्हणाल्या, "बाई, तुमी खरं बोलनाऱ्या. मला सांगा, हे येशू उभे हायेत का न्हाय?"

मी म्हटलं, नाहीत.

"कागद फिरतोय की गावात मोबाईलवर. शिक्का दिसतोय त्यावर." मग बशीत चहा ओतत ओतत विचार करून म्हणाल्या, "मतं कुनाची खातील ते? अस्मिताचीच ना? मग ऱ्हाऊ द्या उभे. माझी काय हरकत न्हाय."

रविवार, ७ डिसेंबर

अस्मिताचा फोन. "माझ्याविरुद्ध प्रत्यक्ष प्रभूला उभं केलंत तुम्ही! लोक विचारतायत, ते असताना तू कशाला?"

तुम्ही म्हणाली. आजवर कधी तू सोडून हाक नव्हती.

बुधवार, १० डिसेंबर

निवडणूक कार्यालयाची नोटीस आली. अपक्ष उमेदवाराचं चिन्ह तारा, सबब ख्रिस्ती वस्तीतल्या घरांवर टांगलेले तारे झाकावेत. बावीस घरं. दुपारभर मी आणि आबाराव शिडी घेऊन फिरलो, वर्तमानपत्र गुंडाळलं.

संध्याकाळी ताऱ्यांच्या आत दिवे लागले तेव्हा दिसलं – पहिल्या पानावर अस्मिताची पानभर जाहिरात. बावीस दारांवर बावीस अस्मिता उजळल्या होत्या. मनात आलं, गोड दिसते पोरगी.

प्रचार होतोय म्हणून निवडणुकीचं भरारी पथक आलं. उद्या उशांचे अभ्रे घालायचे ठरलं.

शनिवार, १३ डिसेंबर

फेरी काढली. परवाना रद्द होत नाही, मग वापरू, असं चर्चचे पाळकसाहेब म्हणाले. पायीच निघालो. टेम्पो नाही, बॅनर नाही. मागून पथकाचा कॅमेरावाला, आम्ही कुणाचा प्रचार करतो ते टिपायला. पहिल्या घरी गंभीर होता. चौथ्या घरी म्हणाला, "मॅडम, दुसरं कडवं परत घ्या, गाडी गेली मधून." सातव्या घरी ताल धरत होता. शेवटी त्यानं वहीत लिहून घेतलं – आश्वासने: एक, शांती. मी सही केली.

कस्तुराबाईंनी सगळ्यांना शेंगदाण्याचे लाडू दिले.

अस्मिताच्या दाराशी पूर्ण गाणं म्हटलं. आत दिवा होता, टीव्हीचा आवाज बंद झालेला कळला. दार उघडलं नाही. लहानपणी फेरीत सगळ्यांच्या पुढं ती असायची, माझ्या शालीत गुंडाळून. झोप आली तरी तोंड हलत असायचं.

आम्ही काही न मागता पुढं गेलो. तेच करायचं होतं ना मला? तेच केलं.

सोमवार, १५ डिसेंबर

फोन नाही.

शुक्रवार, १९ डिसेंबर

आबाराव म्हणाले, "बाई, जीव जाळून घेऊ नका. चर्च एका बाजूला ठेवलंत ते बराबर केलं. पन पोरीला बी त्याच बाजूला ठेवलंय का काय?"

मी त्यांना भाकरी वाढली.

शनिवार, २० डिसेंबर

मत दिलं.

यंत्रावर पहिलंच नाव तिचं. माझं आडनाव, माझ्या भावाचं नाव. बोट तिथं गेलंच होतं. मग मनात आलं – तीन आठवडे मी साऱ्या गावाला सांगतेय, आम्ही कुणाच्याच बाजूचे नाही. सेक्रेटरीनंच बाजू घ्यायची? सगळ्यांत खालचं बटण दाबलं. वरीलपैकी कोणीही नाही. लांब शिट्टी वाजली. अंगावर काटा आला, मोठं कर्तव्य केल्यासारखा.

शाळेच्या फाटकापर्यंत आले आणि थबकले. मतदानयंत्राच्या त्या पुठ्ठ्याआड चर्च कुठून आलं होतं? तिथं तर मी एकटी होते. अस्मिताची आत्या.

परत फिरले. पोलीस म्हणाला, "बाई, एकदाच असतं."

रविवार, २१ डिसेंबर

सकाळी रिक्षा आली. आत अस्मिता. "आत्या, मोजणीला तू पाहिजेस. भीती वाटते गं." उपासना बुडवून गेले.

दोघींना तीनशे अठरा, तीनशे अठरा. वरीलपैकी कोणीही नाही – एक.

निवडणुकीचे साहेब म्हणाले, नियमानं आता ईश्वरचिठ्ठी, जिचं नाव निघेल ती विजयी. दोन नावं स्टीलच्या डब्यात टाकली. काढायची कुणी यावर दोन्हीकडची माणसं भांडली, आणि मग दोन्हीकडून एकच नाव आलं. लीलाबाईंनी काढावी, त्या कुणाच्याच नाहीत.

डब्यात हात घातला. डोळे मिटले आणि प्रार्थना केली. अस्मितासाठी, तिच्या पक्षाचं नाव घेऊन, वॉर्डाच्या नंबरासकट.

चिठ्ठी कस्तुराबाईंची निघाली.