साबणावरचं माझं नाव

सोमवार, ३ मार्च
मी साबण होणार! महिनाअखेरीस निवृत्त होतोय, म्हणून मालकांनी बाळांच्या नव्या साबणाचं नाव ठरवलं — काका. अख्खा कारखाना मला काकाच म्हणतो, आणि हिला काकू. हिला सांगितलं, तर भांडी विसळता विसळता म्हणाली, "आणि काकूला काय, साबणाची डबी?"

मंगळवार, ४ मार्च
आमचा माल परदेशी जातो. नव्या नावाचा तिकडे भलता अर्थ निघत नाही ना, हे बघणं तीस वर्षं माझ्याकडे. भाषा जाणणाऱ्यांना चिठ्ठ्या जातात, उत्तरं आली की मी शिक्का मारतो — मंजूर किंवा नामंजूर. मालकांच्या सासूबाईंचं नावसुद्धा मी नामंजूर केलं होतं. मालक वरवर रागावले, आतून खूश होते.
स्वतःच्या नावाच्याही चिठ्ठ्या पाठवल्या. नियम म्हणजे नियम.

सोमवार, १० मार्च
स्वाहिलीत काका म्हणजे थोरला भाऊ. छान! माओरीत पोपट. ठीक, बाळांना पक्षी आवडतात.

मंगळवार, ११ मार्च
स्पॅनिशवाल्या बाईंचं उत्तर आलं. काका म्हणजे बाळ लंगोटात जे करतं ते. खाली अगत्याने लिहिलंय, फ्रेंचमध्येही तेच. विचारलं होतं कोणी! झालाच माझा पोपट.
चिठ्ठी कोटाच्या आतल्या खिशात ठेवली.

बुधवार, १२ मार्च
काहीच केलं नाही.

शुक्रवार, १४ मार्च
वेष्टनाचा नमुना आला. निळ्या अक्षरांत मी — काय देखणा दिसतोय! मालक म्हणाले, तुमचा शिक्का पडला की सोमवारी छपाई.
सगळं जग काही स्पॅनिश बोलत नाही, अशी मनाची समजूत घातली. मग सासूबाई आठवल्या. त्यांना तर एकाच भाषेत 'टक्कल' निघालं म्हणून अडवलं होतं. लाज वाटली स्वतःची.
हिला अजून चिठ्ठीचं बोललेलो नाही. शेजारीपाजारी सांगून बसली आहे. जेवताना मात्र उगाच हसत होती.

सोमवार, १७ मार्च
मारला शिक्का. नामंजूर.
मालकांनी स्पॅनिशवाली चिठ्ठी वाचून परत दिली. "तुमच्या जागी मी असतो ना काका, तर चिठ्ठी गिळून टाकली असती." छपाई रद्द.
घरी हिला सगळं सांगितलं. "बरं केलंत," एवढंच म्हणाली आणि टीव्ही लावला. मला इथे रडू येतंय आणि हिला मालिका! बायको आहे की दगड!

सोमवार, ३१ मार्च
शेवटचा दिवस. निरोपाच्या भाषणानंतर मालकांनी साबणाचं खोकं हातात दिलं. वर निळ्या अक्षरांत — काकू!
माझ्याशिवाय तपासलं कोणी? खोक्यात चिठ्ठी होती, हिच्या अक्षरात. स्पॅनिश — काही नाही. इंडोनेशियन — ताठ. जपानी — लिहिणं. आणि तळाशी, "दगड मात्र कुठल्याच भाषेत निघाला नाही."
ही वही आता ठेवू कुठे?